घोडी कोणाची

धामणखेडच्या मठात मोठे महाराज होते तोवर गौरा घोडीचा थाट बघण्यासारखा होता. अंगानं पांढरी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात घुंगरांची माळ. शिष्यांनी महाराजांना जीप घेऊन दिली होती, पण पालम तालुक्यातल्या खेड्यांत पाद्यपूजेला जायचं तर महाराज गौरावरच बसून जायचे. जीप नुसती उभी राहते, गौरा आपली वाट बघत उभी राहते, असं ते म्हणायचे. पुढे महाराज लिंगैक्य झाले. गावानं त्यांची समाधी बांधली, समाधीवर संगमरवर बसवला, आणि गौरा मठाच्या पटांगणात मागे राहिली.

गुरूचं वाहन ते. तिच्यावर दुसऱ्यानं बसायचं नाही, तिला विकायचं नाही, कोणाला देऊन टाकायचंही नाही. काय करायचं नाही हे गावानं एका बैठकीत ठरवून टाकलं. त्या बाबतीत गाव भलतं हुशार. तिला खायला कोणी घालायचं, यासाठी पाळी लागली. मठाला मानणाऱ्या घरांतून एक वेताची पाटी फिरायची. ज्याच्या उंबऱ्यावर पाटी, त्यानं आठवडाभर गौराला कडबा आणि भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी घालायची, मग पाटी पुढच्या घराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची. घोडीला घातलं म्हणजे महाराजांना जेवू घातलं, एवढं मोठं पुण्य. सुरुवातीला पाटी झोकात फिरली.

मग ती नागनाथअप्पांच्या दारात गेली आणि बसली. नागनाथअप्पांचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता, तो आईवडिलांना घेऊन गेला आणि घराला कुलूप लागलं. पाटी कुलपाखाली. त्यांची पाळी झाल्याशिवाय पुढच्याची येणार कशी? आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यावरची पाटी उचलायची म्हणजे त्याचं पुण्य पळवायचं. असं पाप कोण करतो? सगळं गाव पाटी हलायची वाट बघत बसलं. घोडीला भूक लागायची थांबली नाही, एवढीच काय ती अडचण.

हे रोज डोळ्यांसमोर बघावं लागायचं ते महेश्वरीला. ती वीरुपाक्षअप्पांची सून. अप्पा मठाचे विश्वस्त, आणि त्यांचं घर मठाच्या अगदी समोर. महेश्वरी ब्लाउज शिवायची, तिची मशीन खिडकीत होती. मान वर केली की गौरा. मोकळी होती तेव्हा ती लोकांच्या सोयाबीनमध्ये शिरली, म्हणून कोणीतरी तिचे पुढचे दोन पाय नायलॉनच्या दोरीनं एकमेकांना बांधून टाकले. कोणी, ते विचारू नये. गावात असली कामं नेहमी 'कोणीतरी'च करतो. दोरी हळूहळू मांसात रुतली. खुरं वाढून पुढून वर वळली, त्यामुळे ती धड चालेना. बरगड्या दिसायला लागल्या. पाठीवर जखम झाली आणि जखमेवर माश्या बसल्या.

महेश्वरीनं एकदा भर दुपारी जाऊन शिवणकामाच्या कात्रीनं दोरी कापली. दोन दिवसांत नवी दोरी आली, पहिलीपेक्षा जाड. मग तिनं नागनाथअप्पांच्या दारातली पाटी उचलून पुढच्या घरी, सत्यशीलाबाईंच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. सत्यशीलाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"आगं बाई, ही इकडं कशी आली? नागनाथअप्पांचं राहिलंय की अजून."

"वैनी, ते पुण्याला गेलेत. आता कुठलं येतेत?"

"येत्याल की दिवाळीला. त्यांच्या आधी आमी घातलं तर लोक म्हणतील, ह्यांना लय घाई झाली पुण्याची. न्हाई बाई, जिथली तिथं ठिवून ये."

महेश्वरीनं पाटी जिथली तिथं ठेवली आणि घरातल्या भाकरी गुपचूप नेऊन घोडीला घालायला लागली. पण खेड्यात गुपचूप काय राहतं? आठवड्याभरातच सासूनं, नागुबाईनं, तिला चुलीपुढे धरलं.

"रोज घोडीला भाकरी जायलेत म्हणं आपल्या घरून. बाजारात मला दोन बायांनी इचारलं, वीरुपाक्षअप्पांनी मठाची घोडी बळकावली का म्हणून. तुझे सासरे विश्वस्त हायत. पाळी सोडून आपणच घालायलो तर लोक काय म्हणत्याल?"

"आत्याबाई, मरायलीय ती."

"मग मठ बघंल. तू कामून त्रास करून घ्यायलीस?"

मठ बघेल म्हणजे कोण बघेल, हे महेश्वरीला कळेना. नवे महाराज दूरच्या मोठ्या मठात राहत, वर्षातून एकदा गाडीतून येत आणि दुपारचं जेवून जात. मठ म्हणजे अप्पा, आणि अप्पा म्हणत, मठ म्हणजे सगळं गाव. सगळं गाव म्हणजे ती पाटी. तिला चीड यायची, आणि चीड आली की मशीनची सुई मोडायची.

तिनं जनावरांच्या दवाखान्यात माणूस पाठवून बघितलं. गाय-म्हैस असेल तर येतो, घोड्याचं औषध आमच्याकडं नसतं, असं उत्तर आलं. मग तिनं मोबाइलवर शोधून संस्थांचे नंबर काढले. पहिल्या संस्थेतला मुलगा गोड बोलला, पण ते फक्त कुत्र्यांचं करत होते. दुसरीकडचा दादा म्हणाला, "ताई, गाय असती तर आत्ता गाडी पाठवली असती." महेश्वरी म्हणाली, "मग मी घोडीची गाय कशी करू?" आणि फोन ठेवून रडली. कुत्र्याला माणूस आहे, गाईला माणूस आहे, हिनं काय पाप केलंय, असं तिला झालं.

तिसरी संस्था छत्रपती संभाजीनगरची होती आणि खरोखरच घोड्यांचं काम करायची. तिथल्या डॉक्टर माधवी स्वतः फोनवर आल्या. त्यांनी खुरांचे, पायांचे, जखमेचे फोटो मागवून घेतले आणि बघून झाल्यावर लगेच फोन केला.

"ही घोडी अशी फार दिवस काढणार नाही, ताई. तिला आमच्याकडे आणायला हवं. मालक कोण आहे?"

"मालक कोणी न्हाई. मठाची हाय."

"मठातलं कोणी परवानगी देईल?"

"इचारून बघते."

"बघा. मालकानं एक शब्द म्हटला, की माझी घोडी आहे, घेऊन जा, तर आम्ही दुसऱ्या दिवशी गाडी काढतो. त्याशिवाय हात लावता येत नाही हो. मागे एका देवस्थानाचा घोडा असाच आणला, तर चोरीची तक्रार झाली. आमच्या दोन पोरांनी मार खाल्ला."

महेश्वरीनं त्याच संध्याकाळी अप्पांपुढे विषय काढला. अप्पा वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. महाराज गौरावर बसून निघाले की लगाम धरून पुढे चालायचा मान तरुणपणापासून त्यांचाच होता. घोडीचं नाव निघालं की आजही त्यांचा आवाज कापायचा. पण सुनेचं बोलणं ऐकून ते ताडकन उठले.

"गुरूचं वाहन परक्याच्या हवाली करायचं? उद्या गाव म्हणंल, वीरुपाक्षनं महाराजांची घोडी इकली. तोंड कुठं दाखवू मी?"

"इकायची न्हाई अप्पा. दवाखान्यात न्यायची."

"तिथून ती माघारी येणार हाय का?"

महेश्वरी गप्प झाली, कारण संस्थेवाले घोडी माघारी देणार नव्हते. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. अप्पांनी पायात चपला घातल्या आणि मठात जपाला जाऊन बसले. जाताना घोडीजवळून गेले, तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

नवरा शिवकांत पालमला खतं-बियाणांचं दुकान चालवायचा, मोटरसायकलवरून ये-जा करायचा. डॉक्टर माधवींनी सुचवलं होतं की मालक पुढे येत नसेल तर पोलिसांत अर्ज द्या. महेश्वरीनं ते शिवकांतला सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारला.

"पोलिसात? सख्ख्या सासऱ्याच्या नावानं? आगं, तुला ह्या घरात राहायचंय का न्हाई?"

"मग मी करू तरी काय?"

"काय बी करू नको. सगळं गाव गप हाय, तूबी गप बस."

ती गप्प बसली नाही. खिडकीतून मोबाइल बाहेर काढून तिनं गौराचं चित्रण केलं. बांधलेल्या पायांनी उड्या मारत मारत घोडी हौदापर्यंत जाते, हौद कोरडा असतो, तरी ती तळाला जीभ लावून बघते. एवढंच होतं त्यात. तिनं ते डॉक्टरांना पाठवलं आणि डॉक्टरांनी संस्थेच्या पानावर टाकलं, खाली गावाचं नाव लिहून. पुढे ते कसं पसरलं ते कोणालाच सांगता येणार नाही. परभणीहून, बोरीहून, पेडगावहून पाहुण्यांचे फोन यायला लागले. अप्पांच्या व्याह्यांनी विचारलं, तुमच्या मठात म्हणे घोडी उपाशी ठेवतात? जी लाज महिनोन्महिने घोडीच्या बरगड्या बघून वाटली नाही ती मोबाइलवर बघून एका दुपारात वाटली.

चित्रण कोणाच्या खिडकीतून झालं ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. अप्पा तिच्याशी बोलायचे बंद झाले. नागुबाईनं मात्र बोलून घेतलं, तिच्या माहेरापर्यंत. पण डॉक्टरांचा पुन्हा फोन आला, तेव्हा गोष्ट बदलली. आता संस्थेच्या वरिष्ठांनी लक्ष घातलं होतं, परवानगी नसली तरी डॉक्टर परवा सकाळी नुसती तपासणी करायला येणार होत्या. महेश्वरीनं ते घरात सांगितलं. अप्पांना वाटलं, गावाची अब्रू सावरायची हीच संधी.

"येऊ द्या त्यांना," ते मठात जमलेल्या लोकांना म्हणाले. "बगू द्या डोळ्यांनी. धामणखेड आपल्या गुरूच्या वाहनाला कसं ठिवतं ते बगू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धामणखेडात जणू सण होता. पायाची दोरी 'कोणीतरी'च सोडली. गौराला कोमट पाण्यानं अंघोळ घातली, जखमेला हळद लावली, कपाळावर भस्म ओढलं, जुनी घुंगरांची माळ शोधून गळ्यात बांधली. आणि मग खाणं. आता कोणी पाटीची वाट बघेना. प्रत्येक घरातून आपापली पाटी निघाली. भिजवलेला हरभरा आला, गव्हाच्या घुगऱ्या आल्या, ज्वारी आली, गुळाचे खडे आले. सत्यशीलाबाई पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं भरवल्या. घोडी खात होती. किती दिवसांची ती भूक, ती नाही कशाला म्हणेल? ज्याच्या पाटीला तिनं तोंड लावलं तो हात जोडत होता आणि ज्याची राहिली तो आणखी पुढे सरकवत होता. अप्पा लगाम धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

महेश्वरी खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, जिंकलो. कशामुळे का होईना, लाजेनं का होईना, हिच्या पोटात पडलं. ती उठली, परातभर कणीक मळली, तूप-गूळ घालून जाड पोळ्या केल्या आणि सगळ्यांच्या देखत गौराला नेऊन घातल्या. या वेळी तिला कोणी काही म्हणालं नाही. नागुबाईसुद्धा हसून म्हणाली, "अजून दोन कर, आवडायलेत तिला." घोडीनं तिच्या तळहातावरचा शेवटचा चुरा चाटला. महेश्वरीला इतका आनंद लग्नानंतर झाला नव्हता.

सकाळी उठून बघते तर घोडी जमिनीवर लोळत होती. मठात जमलेले लोक कौतुकानं बघत होते.

"खुशीत हाय," कोणीतरी म्हणालं. "पोट भरलं की लोळत्यातच घोडी."

पण महेश्वरीला ते बरं दिसलं नाही. घोडी उठायची, मान वळवून आपल्याच पोटाकडे बघायची, पुढच्या पायानं माती उकरायची आणि पुन्हा धाडकन खाली पडायची. अंग घामानं भिजलं होतं. पोट ढोलासारखं फुगलं होतं. तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्या वाटेतच होत्या.

"काय खाल्लं तिनं?" डॉक्टरांनी एकदम विचारलं.

महेश्वरीनं एकेक सांगितलं, आणि शेवटी आपल्या तूप-गुळाच्या पोळ्यासुद्धा.

डॉक्टरांची गाडी ऊन चढल्यावर पोचली. सोबत दोन मुलं, पिंजऱ्याची मोठी गाडी, मऊ गवताच्या पेंढ्या. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, पोटाला कान लावला, पुन्हा पुन्हा नाडी बघितली. गाव गोल करून उभं होतं. अप्पा पुढे झाले आणि अभिमानानं सांगायला लागले, काल कोणाकोणाच्या घरून काय काय आलं. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अप्पा, उपाशी घोड्याला एकदम धान्य घालत नाहीत," त्या म्हणाल्या. "घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं बाहेर यायला वाट नसते. सगळं फुगलंय, आतड्याला पीळ पडलाय. आता माझ्या हातात काही राहिलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ती जगणार नाही. ऑपरेशन इथं होत नाही आणि ती गाडीत तग धरणार नाही. ती अशीच तडफडत राहील, संध्याकाळपर्यंतसुद्धा. एक इंजेक्शन दिलं तर शांतपणे जाईल. पण त्यासाठी मालकानं हो म्हणायला हवं."

घोडी खाली पडली, डोकं जमिनीवर आपटलं आणि तिच्या तोंडातून असा आवाज आला की बायांनी पदर तोंडाला लावले.

"कोणाची घोडी आहे ही?" डॉक्टरांनी विचारलं. "एकानं कोणीतरी हो म्हणा."

"गुरूचं वाहन हाय ते," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "सुई टोचून मारायचं? आमच्या हातनं? न्हाई. देवाच्या मनात असंल तशी जाईल ती."

लोकांनी माना हलवल्या. मागचे हळूहळू मागे सरकायला लागले. काल जी सगळ्यांची होती ती आज कोणाचीच नव्हती. गौरा पुन्हा उठायला गेली, पुढचे पाय टेकले, खुरं वळलेली, ती पुन्हा कोसळली.

"माझी हाय," महेश्वरी म्हणाली.

अप्पांनी वळून बघितलं. "महेश्वरी, घरात जा."

"न्हाई जात. माझी हाय घोडी, डॉक्टर. सोडवा तिला."

"तुम्ही मठाच्या विश्वस्त आहात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. पण घोडी माझी हाय. इचारा ह्यांना."

डॉक्टरांनी गावाकडे बघितलं. आणि इथं एक नवल घडलं. इतके दिवस घोडी कोणाची यावर ज्या गावाचं एकमत झालं नव्हतं ते पटकन एक झालं.

"तिचीच हाय," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"हो, तीच घालायची की तिला भाकरी," दुसरा म्हणाला.

"तिची म्हणती तर तिची असू द्या," नागुबाई म्हणाली आणि अप्पांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं. "पाप तिचं, आपलं न्हाई." शिवकांत जमिनीकडे बघत होता.

महेश्वरी मातीत बसली आणि तिनं घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. घोडीचं डोकं इतकं जड असतं हे तिला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी मानेच्या शिरेत इंजेक्शन दिलं. गौराचा श्वास जोरात चालला होता, मग हळू झाला, मग तिच्या कानाची टोकं सैल पडली. महेश्वरी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली आणि कपाळावरचं भस्म तिच्या बोटांना लागत राहिलं. मोठ्यानं रडायचं म्हटलं तरी तिला रडू येईना.

लोक पांगले. काही जण कुदळ-फावडी आणायला गेले. घोडीला समाधी महाराजांच्या शेजारी द्यायची की पटांगणाच्या कडेला, यावरून मठाच्या पायरीवर वाद सुरू झाला होता. तिथं मात्र प्रत्येकाला बोलायचं होतं.

डॉक्टर हात धुऊन महेश्वरीजवळ आल्या आणि तिच्या शेजारी मातीतच बसल्या.

"ताई, रागावू नका," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण त्या दिवशी मी फोनवर विचारलं होतं, मालक कोण. तेव्हाच तुम्ही 'माझी' म्हणाला असता, तर आम्ही दुसऱ्या दिवशी आलो असतो."

महेश्वरीनं त्यांच्याकडे बघितलं.

"असं म्हणलेलं चाललं असतं?" तिनं विचारलं.

"मी दुसरं काही विचारलंच नसतं."

महेश्वरीनं मान हलवली. तिला तेव्हा खरं सांगायचं होतं. तिनं घोडीचं डोकं मांडीवरून हळूच खाली ठेवलं आणि उठली.